व्हीलचेअर गाडीत चढली, पण बांधली कुठे?

नागपुरात व्हीलचेअरवरच्या माणसाच्या प्रवासाचा विषय निघाला की चर्चा रॅम्पपाशी येऊन थांबते. बसला रॅम्प आहे का, दवाखान्यात लिफ्ट चालू आहे का, फुटपाथवरून खुर्ची खाली उतरते का. हे प्रश्न मोठेच आहेत आणि त्यांची उत्तरे अजून पुरती मिळालेली नाहीत. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. खुर्ची गाडीत चढली, दार लागले, गाडी वर्धा रोडला लागली. आता ती खुर्ची कशाच्या आधारावर उभी आहे? बहुतेक वेळा ती उभी असते स्वतःच्या ब्रेकवर आणि शेजारी बसलेल्या नातेवाइकाच्या हातावर.

खुर्चीचा ब्रेक म्हणजे टायरवर दाबला जाणारा धातूचा एक छोटा तुकडा. माणूस खुर्चीतून पलंगावर सरकताना ती मागे जाऊ नये, उतारावर घरंगळू नये, एवढेच त्याचे काम. टायरमधली हवा थोडी कमी झाली की तेही काम तो नीट करत नाही. आणि चाक अगदी घट्ट धरले तरी खुर्ची उलटायची ती उलटतेच, कारण बसलेल्या माणसाचे वजन वर असते आणि खालचा पाया अरुंद असतो. टक्कर व्हायचीही गरज नाही. जोराचा ब्रेक किंवा झपकन घेतलेले वळण पुरते.

टक्कर झालीच तर काय होते त्याचा हिशेब साधा आहे. व्हीलचेअर आणि तिचे पट्टे यांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत ताशी ४८ किलोमीटर वेगाची समोरासमोरची टक्कर धरतात आणि त्यात गुरुत्वाच्या सुमारे २० पट झटका बसतो. माणूस ७० किलोचा आणि साधी घडीची खुर्ची १५ किलोची धरली, तर ८५ किलोंचा ऐवज त्या क्षणी १,७०० किलो वजनाएवढ्या बलाने पुढे जाऊ पाहतो. बॅटरीवरची खुर्ची एकटीच शंभर किलोच्या घरात जाऊ शकते. आईने, भावाने, मावशीने कितीही घट्ट धरले तरी हे बल हातात मावणारे नाही. आणि ताशी ४८ हा काही भन्नाट वेग नव्हे, रिंग रोडवर कुठलीही व्हॅन तेवढ्याने जाते. समृद्धी महामार्गावर मोटारींना १२० ची मुभा आहे. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ४८ च्या तुलनेत तिथे ती सव्वासहा पट असते. नागपूरहून त्या रस्त्याने उपचारासाठी रुग्णांना नेणाऱ्या गाड्या आहेत, आणि त्यांतल्या काहींत माणूस आपल्या व्हीलचेअरवरच बसलेला असतो.

माझ्या धाकट्या बहिणीला लहानपणापासून सेरेब्रल पाल्सी आहे. थेरपीसाठी तिला नेणारी व्हॅन एका संस्थेने ठरवून दिली होती. चालक सज्जन आणि सावकाश चालवणारा. तो नायलॉनची दोरी खुर्चीच्या हत्थ्यांना गुंडाळायचा आणि पुढच्या सीटच्या पायाला बांधायचा. विचारले की म्हणायचा, "काही नाही होत ताई, मी आरामात नेतो ना." मानेवाड्याकडे एकदा गाय आडवी आली, त्याने ब्रेक मारला. दोरी तुटली नाही, गाठही सुटली नाही. खुर्चीचा हत्था निघून आला. हत्थे काढता-घालता येण्यासारखेच बनवलेले असतात, माणसाला बाजूने उचलून घेता यावे म्हणून. बहिणीचा गुडघा समोरच्या सीटच्या लोखंडावर आपटला आणि पुढचे कित्येक आठवडे ती गाडीत बसायलाच तयार नव्हती. त्या चालकावर माझा राग नाही. दोरी कुठे बांधायची हे त्याला कोणी सांगितले नव्हते, बांधण्यासाठी गाडीत कुठलीही जागा केलेली नव्हती आणि खुर्चीवरही तशी खूण नव्हती.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. मोटारीच्या सीटबेल्टची जबाबदारी मोटार कंपनी घेते, कारण सीट तिची, बेल्ट तिचा, बेल्ट ज्या पत्र्याला बसवला तो पत्राही तिचा. व्हीलचेअरच्या बाबतीत सीट एका कारखान्यातून येते, गाडी दुसऱ्या कारखान्यातून येते आणि दोघांना जोडणारी वस्तू तिसऱ्याच कोणी इतवारीच्या बाजारातून आणलेली असते. खुर्ची बनवणारा म्हणतो, ही घरात आणि दवाखान्यात फिरण्यासाठी आहे, वाहनातली सीट म्हणून नाही. अनेक खुर्च्यांच्या माहितीपत्रकात तसे छापलेलेही असते. गाडी बनवणारा म्हणतो, आम्ही सीट दिली होती, ती काढून तुम्ही रिकामी जागा केली. रॅम्प बसवून देणारा वेल्डिंगवाला म्हणतो, मला रॅम्पचे पैसे मिळाले. प्रत्येक जण आपापल्या जागी खरे बोलतो आणि मधला सांधा बेवारस राहतो. माणसाचा जीव मात्र त्याच सांध्यावर असतो.

जगात या सांध्याला मालक नेमून देण्याचे काम झालेले आहे. खुर्ची वाहनातली सीट म्हणून वापरायची असेल तर ती कशी हवी हे आयएसओ ७१७६ या मानकाचा १९ वा भाग सांगतो, आणि ती बांधणारे पट्टे व माणसाचा बेल्ट कसे हवेत हे आयएसओ १०५४२ सांगते. अमेरिकेत २००० साली डब्ल्यूसी-१९ नावाने ओळखले जाणारे खुर्चीचे मानक आले. मिशिगन विद्यापीठाच्या वाहतूक संशोधन संस्थेत रुळांवरून सरकणाऱ्या चाचणीच्या गाड्यावर (स्लेडवर) खुर्ची बांधून, तीत माणसाएवढा पुतळा बसवून, तिला टक्करीचा झटका देऊन अशा चाचण्या वर्षानुवर्षे झाल्या. या मानकाच्या खुर्चीच्या सांगाड्यावर चार ठिकाणी हुक अडकवायच्या पक्क्या जागा असतात आणि प्रत्येकीवर हुकाचे चित्र असते. चालक बदलला, गाडी बदलली, भाषा बदलली तरी पट्टा कुठे लावायचा हे खुर्चीच सांगते.

पद्धत अवघड नाही. खुर्ची गाडीच्या तोंडाच्या दिशेने उभी करायची, आडवी कधीच नाही. आपल्याकडे ई-रिक्षात आणि लहान व्हॅनमध्ये जागा पुरत नाही म्हणून खुर्ची आडवी घालतात. तसे केले की झटका बाजूने बसतो, आणि तो सोसण्यासाठी ना खुर्ची बनलेली असते ना तिच्यात बसलेल्या माणसाची मान. मग दोन पट्टे पुढून आणि दोन मागून, चारही पट्टे सांगाड्याला, जिथे नळ्या एकमेकींना जोडलेल्या असतात तिथे. चाकाला नाही, पाय ठेवायच्या पाट्यांना नाही, हत्थ्याला नाही, सुटून येणाऱ्या कुठल्याही भागाला नाही. समोरून टक्कर होते तेव्हा सगळा भार मागच्या दोन पट्ट्यांवर येतो. म्हणून ते तळाशी साधारण ३० ते ४५ अंशांचा कोन करतील असे लावायचे. पुढचे दोन किंचित बाहेरच्या बाजूला फाकवायचे, म्हणजे वळणावर खुर्ची डोलत नाही. पट्टे आपोआप आवळले जाणारे असतील तर सरावलेल्या माणसाला हे सगळे करायला काही मिनिटेच लागतात.

पण एवढ्याने काम अर्धेच होते, आणि हे अर्धे राहिलेले काम मी चांगल्या, पैसे खर्चून बनवून घेतलेल्या गाड्यांतही पाहिले आहे. खुर्ची बांधली म्हणजे माणूस बांधला असे नाही. खुर्चीला असलेला कमरेचा पट्टा बसण्याची ठेवण नीट राहावी म्हणून असतो. त्याचा वेल्क्रो किंवा प्लास्टिकचे बक्कल टक्करीत टिकत नाही. माणसाला वेगळा बेल्ट लागतो: कमरेचा भाग पोटावर नव्हे तर कटीच्या हाडांवर खाली बसलेला आणि हत्थ्याच्या आतून गेलेला, खांद्याचा भाग गळ्याच्या हाडावरून छातीवर आलेला, आणि त्याचे वरचे टोक गाडीच्या भिंतीतल्या मजबूत जागी पक्के केलेले. खुर्चीला जोडलेला जेवणाचा ट्रे उतरवून वेगळा बांधायला हवा. ज्यांची मान स्वतःच्या ताब्यात नसते त्यांना डोक्यामागे आधार हवा. चारही पट्टे घट्ट आणि माणूस मोकळा, अशा गाडीत झटका बसला की खुर्ची जागच्या जागी राहते आणि माणूस पुढे फेकला जातो.

आता आपला कायदा पाहू. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ४१ मध्ये सर्व प्रकारच्या वाहतुकीपर्यंत पोहोचण्याची सोय आणि शक्य तिथे जुन्या वाहनांत बदल करण्याची जबाबदारी सरकारवर टाकलेली आहे. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने २७ डिसेंबर २०१९ रोजी मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली आणि १ मार्च २०२० पासून बसमध्ये दिव्यांगांसाठी राखीव आसने, खुणा, कुबड्या-काठ्या ठेवायची सोय आणि व्हीलचेअर आत घेण्याची, ठेवण्याची व लॉक करण्याची व्यवस्था सक्तीची केली. हे पाऊल चांगले होते. तरी माझ्या दोन हरकती आहेत.

पहिली हरकत अशी की नियमाचा भर बसवर आहे आणि व्हीलचेअरवरच्या माणसाची रोजची ने-आण बसने होत नाही. मेडिकल, मेयो आणि मिहानच्या एम्स या रुग्णालयांत, विशेष शाळेत, डायलिसिसला, काटोल-उमरेडच्या लग्नाला तो जातो तो भाड्याच्या व्हॅनमधून, टेम्पो ट्रॅव्हलरमधून, संस्थेच्या गाडीतून. धोका जिथे जास्त तिथे नियमाची नजर कमी, अशी ही स्थिती आहे. गाडी जितकी हलकी तितका टक्करीत तिला बसणारा झटका मोठा, हेही इथे लक्षात घ्यायला हवे.

दुसरी हरकत तपासणीची. गाडी आरटीओकडे फिटनेस तपासणीला आली की व्हीलचेअर लॉक करण्याची व्यवस्था आहे की नाही, हे डोळ्यांनी दिसते. ती किती ओढ सहन करते ते डोळ्यांनी दिसत नाही. अमेरिकेने १९९१ मध्येच हे आकड्यांत लिहून ठेवले. साडेतेरा टनांच्या वरच्या मोठ्या बसमध्ये प्रत्येक पट्ट्याने सुमारे ९०० किलोंची आणि पूर्ण व्यवस्थेने सुमारे १,८०० किलोंची ओढ सोसली पाहिजे. त्याहून लहान वाहनांत हेच आकडे सुमारे १,१३० आणि २,२७० किलो असे वाढतात. आणि रोजच्या चालण्यात खुर्ची कुठल्याही दिशेला दोन इंच, म्हणजे पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलता कामा नये. हलक्या गाडीला जास्त कडक अट, हा क्रम मला विशेष शहाणपणाचा वाटतो. आपल्याकडे मात्र लहान व्हॅनच्या पातळ पत्र्याला भोक पाडून आय-बोल्ट, म्हणजे डोक्याला कडी असलेला बोल्ट, बसवला की काम झाले असे मानतात. खाली जाड लोखंडी पट्टी नसेल, बोल्ट चेसिसच्या लोखंडी सांगाड्यापर्यंत पोहोचला नसेल, तर झटक्यात बोल्ट तुटत नाही, तो पत्रा फाडून बाहेर येतो. हिंगण्याकडच्या वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्या कुठल्याही जुन्या कारागिराला हे विचारा, तो मान डोलावेल. कौशल्य या शहरात भरपूर आहे. मापे आणि आकडे त्याच्या हातात कोणी दिलेले नाहीत.

८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात जो निकाल दिला तो इथे नेमका लागू पडतो. दिव्यांग हक्क नियमांतला नियम १५ केवळ शिफारशींसारखा आहे आणि कायद्याला अभिप्रेत असलेली सक्ती त्यात नाही, म्हणून न्यायालयाने तो मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि किमान अटी सक्तीच्या करायला सरकारला तीन महिन्यांची मुदत दिली. किमान सक्तीच्या अटींची यादी करायची असेल तर चालत्या गाडीत खुर्ची आणि माणूस पक्का असणे तिच्यात पहिल्या काही ओळींत यायला हवे. दार किती रुंद असावे यावर तडजोड होऊ शकेल. पत्र्यातून निघून येणाऱ्या बोल्टवर तडजोड नसते.

शहर बसचा विचार मात्र वेगळा करायला हवा, आणि इथे व्हॅनचे चार पट्टे जसेच्या तसे आणून बसवावेत असे मला वाटत नाही. सकाळी सीताबर्डीला 'आपली बस' या शहर सेवेची बस भरलेली असते. कंडक्टरने गर्दीत वाकून चार हुक लावायचे, बाकीच्यांनी घड्याळाकडे पाहायचे आणि खुर्चीवरच्या माणसाने सगळ्यांच्या नजरा झेलायच्या. असे दोनदा झाले की तो माणूस तिसऱ्यांदा बसने जाणार नाही. युरोपातल्या बससाठी संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक १०७ आहे. त्यात उलट दिशेने, म्हणजे पाठ चालकाकडे करून बसण्याची जागा मान्य केलेली आहे. मागे उंच, मजबूत, गादी लावलेली पाठ असते, खुर्ची तिला टेकवून उभी करायची, आणि बाजूला सरकू नये म्हणून दांडी किंवा खांब असतो. ब्रेक लागला की माणूस त्या पाठीवर दाबला जातो. लंडनच्या बस याच पद्धतीने चालतात. जड आणि शहराच्या वेगाने जाणाऱ्या बसमध्ये हे पुरेसे सुरक्षित मानले जाते, आणि मुख्य म्हणजे कोणाच्या मदतीशिवाय जमते. मेट्रोत तर पट्ट्यांचा प्रश्नच उरत नाही, कारण गाडी रुळांवर चालते आणि वेग सावकाश कमी करते. २०१९ पासून नागपूरकरांनी ते अनुभवलेले आहे. म्हणजे वाहन तसा उपाय. महापालिका नव्या इलेक्ट्रिक बस घेते तेव्हा निविदेत 'व्हीलचेअरसाठी जागा' एवढेच न लिहिता पाठीची उंची, तिने सोसायचे बल आणि मोकळ्या जागेची मापे लिहिली पाहिजेत. अमेरिकी नियमात ही जागा ३० बाय ४८ इंच आहे. आपल्या रस्त्यांवर दिसणाऱ्या लांब हातट्रायसिकलींचाही विचार झाला तर उत्तम.

माझ्या या म्हणण्यावर जे आक्षेप येतात त्यांतला एक मला पूर्ण मान्य आहे. ज्यांना खुर्चीतून गाडीच्या सीटवर बसता येते त्यांनी सीटवर बसून बेल्ट लावणे हेच सर्वांत सुरक्षित. मात्र तेव्हाही रिकामी खुर्ची मागे मोकळी टाकू नये. पंधरा किलोंचे लोखंड गाडीत उडाले तर कोणाच्या डोक्यावर बसेल सांगता येत नाही. आणि ज्यांना सीटवर हलवता येत नाही, किंवा दर वेळी दोन माणसांनी उचलताना ज्यांचे खांदे निखळतात, ज्यांच्यासाठी खास बसण्याची ठेवण बनवलेली असते, त्यांना हा पर्यायच नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा. पट्ट्यांचा चांगला संच आणि ते अडकवायची तळातली खाचांची रेल यांना पैसे लागतात, हे खरे आहे. पण मोटारीत मागच्या सीटवर बेल्ट लावला नाही तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब खाली एक हजार रुपये दंड आहे. चालत्या गाडीतल्या बाकीच्या प्रवाशांच्या जिवाची किंमत आपण कायद्याने मान्य केली आहे. मग त्याच गाडीत मागे खुर्चीवर बसलेल्या मुलीसाठी खर्चाचा मुद्दा कसा निघतो, हे मला समजत नाही.

तिसरा आक्षेप व्हीलचेअर वापरणाऱ्यांकडूनच येतो आणि तो मी सर्वांत गंभीरपणे घेते. आम्हाला सामानासारखे बांधू नका, असे ते म्हणतात. त्यांचा हा अनुभव खरा आहे. न विचारता अंगाला हात लावणे, पट्टा खेचणे, "बस नीट" म्हणून दटावणे हे रोज घडते. उपाय पट्टा काढून टाकण्यात नाही, तो लावण्याच्या रीतीत आहे. आधी विचारायचे, काय करतो आहोत ते सांगायचे, जमेल तिथे माणसाला स्वतःचे बक्कल स्वतः लावू द्यायचे. परदेशात खुर्चीखाली बसवलेला बोल्ट गाडीच्या तळातल्या कुलपात आपोआप अडकतो अशी डॉकिंगची सोयही आहे, खुर्चीवर बसून स्वतः गाडी चालवणारे ती वापरतात. ती महाग आहे आणि प्रत्येक खुर्चीला बसत नाही. पण दिशा तीच असायला हवी, दुसऱ्याच्या हातावर कमीत कमी अवलंबून राहण्याची.

मग सुरुवात कुठून करायची? खुर्चीपासून. दिव्यांगांना साधने देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून, जिल्ह्याच्या निधीतून, दानशूरांकडून दर वर्षी शिबिरांत व्हीलचेअर वाटल्या जातात. सार्वजनिक पैशातून घेतलेल्या प्रत्येक खुर्चीच्या सांगाड्यावर चार हुकांच्या पक्क्या, चाचणी झालेल्या आणि चित्राने दाखवलेल्या जागा असाव्यात, अशी एक अट खरेदीत घातली तर कारखाने वळतील, कारण सरकार हा मोठा ग्राहक आहे. चालकांचे प्रशिक्षण नागपुरातल्या दिव्यांगांसाठीच्या संयुक्त प्रादेशिक केंद्रासारख्या ठिकाणी एका दिवसात होऊ शकते. पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेकडे वाहनांच्या सुरक्षा चाचण्यांचा अनुभव आहे. लहान व्हॅनमध्ये कुठल्या गाडीच्या तळाला कुठे आणि किती जाडीची पट्टी लावायची याचे नकाशे तिथून करून घेऊन वर्कशॉपना मोफत द्यावेत. पट्टे उन्हाने विरतात, रेलच्या खाचांत धूळ बसून हुक अडकतात. उन्हाळ्यात बाहेर उभ्या राहणाऱ्या आपल्या गाड्यांसाठी पट्टे बदलण्याची मुदतही लिहून द्यावी लागेल. आणि केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी २०१४ पासून याच शहराचे खासदार आहेत. नियमात लहान वाहने आणण्याची मागणी नागपूरकरांनी करायची तर ती त्यांच्या कार्यालयाकडे नेण्यासाठी दिल्लीला जावे लागत नाही.

शेवटी तपासणी. दिव्यांगांना नेणारी म्हणून नोंदलेली कोणतीही गाडी, मग ती शाळेची असो, संस्थेची असो की भाड्याची, फिटनेसला आली की आरटीओच्या मैदानावर एक व्हीलचेअर आणि ७० किलोंची वाळूची पोती ठेवलेली असावीत. चालकाने स्वतः खुर्ची चढवावी, चारही पट्टे लावावेत, पोत्यांना माणसाचा बेल्ट लावावा. निरीक्षकाने खाली वाकून बोल्ट आणि त्याखालची पट्टी पाहावी, मग मैदानात गाडी फिरवायला लावून एक जोराचा ब्रेक मारायला सांगावा आणि टेपने मोजावे. खुर्ची पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकली असेल तर त्या दिवशी पासिंग देऊ नये.